मानसरोवराचा पडदा

अंधेरीच्या स्टुडिओत चित्रपटांसाठी देखाव्यांचे पडदे रंगवणाऱ्यांच्या शेडमध्ये दत्ताराम हा पंधरा वर्षं मुरलेला गडी. राजवाडा म्हणा, स्मशान म्हणा, त्याच्या हातचा पडदा कॅमेऱ्यासमोर खोटा वाटत नसे. त्यामुळे नव्या पौराणिक चित्रपटाला चाळीस फुटी मानसरोवर लागणार हे कळलं, तेव्हा ते काम आपलंच असं तो धरूनच चालला. मालवणला बायकोला पत्रही टाकून मोकळा झाला.

मध्येच मधुकर कडमडला. या मधूला रंगात घालायचा सरस कसा उकळावा, रंगाची पूड कशी खलावी, हे सगळं दत्तारामनंच शिकवलेलं. त्याचा मेव्हणा बोटीवर नोकरीला. त्यानं अमेरिकेहून नव्या तऱ्हेच्या रंगांच्या ट्यूब आणल्या, अ‍ॅक्रिलिक म्हणे. मधूनं त्या रंगांत हातभर कॅनव्हासवर मानसरोवर काढलं. मागे कैलास, पुढे निळं पाणी. कलादिग्दर्शक प्रधानसाहेबांनी ते शेडच्या भिंतीवर टांगायला लावलं आणि सांगितलं, पडदा कोणी करायचा ते शनिवारी ठरवू.

दत्तारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर तो त्या चित्रात खोट शोधत होता आणि ती सापडत नव्हती, हेच त्याचं खरं दुखणं. त्या पाण्यापुढे चपला काढून उभं राहावंसं वाटे. शेजारी सुतारांची करवत चाले, तिचा भुसा नि धूळ बसून चित्र जरा मळकट झालं, तेवढंच काय ते समाधान.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा त्यानं बादलीत स्पंज बुडवला. शेडमधले रंग पाण्याचे. पडदा बिघडला की ओल्या स्पंजानं धुऊन काढायचा, ही तिथली रोजची रीत. मधूनंही आपला रंग पाण्यातच कालवलेला त्यानं पाहिला होता. दोनदा हात फिरवला की सरोवराचा चिखल होणार. कोणी विचारलंच तर आपण जेवायला गेलो होतो.

त्यानं स्पंज फिरवला. काही झालं नाही. मग दात-ओठ खाऊन घासला. बादलीत नुसती धूळ उतरली, निळ्याचा एक थेंब नाही. पाण्यात कालवलेला हा नवा रंग एकदा वाळला की पाण्याला दाद देत नव्हता. सरोवर मात्र लख्ख झालं. धुळीखाली दडलेलं कैलासाचं प्रतिबिंब पाण्यात उभं राहिलं. इतकं देखणं काम आपल्या हातून पंधरा वर्षांत झालं नाही, हे दत्तारामला ओला स्पंज हातात धरून कबूल करावं लागलं.

तेवढ्यात मधू आत आला, मागोमाग साहेब.

"दादा, मी तर धूळ झटकायलाही भीत होतो," मधू म्हणाला. "तुम्ही स्वतः धुतलंत?"

साहेब चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. कालपर्यंत ते मळकट वाटत होतं, म्हणून आपलं मन दत्तारामकडे झुकलं होतं, असं त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं. आता प्रश्नच उरला नव्हता. पडदा मधू करणार.

"माणसाचं मन असं पाहिजे," दत्तारामच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले.

मधू पाया पडायला वाकला. मेल्या, तुझं चित्र नासवायला आलो होतो मी, हे दत्तारामच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मोठा हो," तो म्हणाला.

मग शेडमधले एकेक जण जेवून परतले, आणि मधूनं प्रत्येकाला दादांनी काय केलं ते कौतुकानं सांगितलं. दत्ताराम मान खाली घालून ऐकत राहिला. त्या कौतुकातलं काहीही त्याचं नव्हतं, आणि ते परत करायचीही सोय नव्हती.