मेलानिप्पसच्या नातवाचं बारसं

थीब्ज नगरातला म्हातारा मेलानिप्पस आपलं नाव सांगण्याआधी घसा खाकरून घ्यायचा. "या नावाचा वीर आपल्या वेशीवर लढलाय," हे तो वाटेवरच्या माणसालाही थांबवून ऐकवी. स्वतः तोही एका लढाईला गेला होता, पण गाढवांना चारा घालायला.

त्याला नातू झाला. तिथे बारसं दहाव्या दिवशी, आणि पहिल्या नातवाला आजोबाचं नाव ही रीतच. तरी सून मायरो कुरकुरली. तिचं तोंड बंद करायला म्हाताऱ्याने वीरगाथा गाणारा गवईच बोलावला. पाहुण्यांना तळ्यातली भाजलेली वाम मासळी. गवयाला मात्र सकाळची जवाची पेज.

पेज ढवळत गवयाने विचारलं, "आजोबा, सगळे मेलानिप्पस गाऊ?"

"एकही सोडू नकोस!"

गवयाने काठी आपटली. पहिला मेलानिप्पस थीब्जचाच. त्याने शत्रूच्या पोटात भाला खुपसला. म्हातारा ताठ बसला. पुढच्याच कडव्यात वीराचं मुंडकं उडालं आणि मरता मरता शत्रूने त्याचा मेंदू ओरपला. एका पाहुण्याने घास खाली ठेवला. मग ट्रॉयचे मेलानिप्पस: एक बाणाने मेला, दुसरा भाल्याने, तिसरा एका ओळीत. आणि शेवटचा दुसऱ्याच गावचा: त्याने पुजारणीशी देवळातच संसार थाटला, तर देवीने दोघांचा बळी घेतला.

"म्हातारा होऊन गेलेला एखादा नाही?" व्याही मिक्कोसने विचारलं. हा वाम विकणारा. ऐंशीचा, पण सगळे दात शाबूत.

"त्याच्यावर गाणं कोण रचणार?" गवई म्हणाला.

हशा पिकला. मायरो हळूच म्हणाली, "मामंजी, मेंदू खाल्ला म्हणे. तुम्हाला ती धास्ती नव्हती, पण पोराचं काय सांगावं?"

"सगळे मर्दासारखे मेले! अंथरुणात नाही!" म्हातारा गरजला.

"माझ्या पोराला मरण अंथरुणातच येऊ दे, नव्वदीत," मुलगा इस्मेनियस बोलला. बापापुढे त्याचं तोंड प्रथमच उघडलं होतं. "नाव मिक्कोस."

म्हातारा ताट सोडून उठला. पुढे कित्येक महिने तो नातवाला एकटं गाठून "मेलानिप्पस! वीरा!" अशा हाका मारी. पोर तोंडात मूठ घालून भिंतीकडे बघत राही. एकदा मात्र आसपास कुणी नाही असं पाहून म्हाताऱ्याने दबक्या आवाजात "मिक्क्या" म्हटलं. पोर खुदकन हसलं.

म्हातारा संतापला. मग त्याने पुन्हा तीच हाक मारली.