शिरगावचं विरजण

कृष्णकांतच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याला टेकून डुकराचं चित्र असलेली पिशवी ठेवलेली आहे, ही बातमी विश्रामकाकांच्या सुनेनं, हंसानं आणली. ती विरजण मागायला गेली होती. घरी येऊन ती सहज बोलून गेली. पण विश्रामकाकांच्या घरात सहज काही ऐकलं जात नसे.

पाम गावाजवळच्या आमच्या आळीत फ्रिज तेवढा तो एकच. विरजण राखून ठेवायची पद्धत कुणाकडेच नव्हती. दूध कोमट झालं की वाटी घेऊन कृष्णकांतच्या आईकडे, माईंकडे जायचं. त्यामुळे आळीतलं प्रत्येक दही माईंच्या दह्याचं काही ना काही नातेवाईक लागत होतं.

बोईसरचा कारखाना बंद पडल्यावर कृष्णकांतनं चिकूच्या वाडीमागे डुकरं पाळली होती. आळीनं ते खपवून घेतलं, कारण वारा बहुतेक वेळा पलीकडे वाहायचा. विश्रामकाकांनी खपवून घेतलं नव्हतं, कारण त्यांची वाडी पलीकडेच होती. शेड बंद झाली असती तर कृष्णकांतला पुन्हा काम मागत कारखान्यांच्या गेटवर जाऊन उभं राहावं लागलं असतं. त्याच्याबरोबरचे अजून उभेच होते.

ती पिशवी पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरनं दिली होती. आईपासून तोडलेली पिल्लं हगवणीनं मरायची. कोंड्यात आणि सुकटीच्या भुकटीत ही पावडर मिसळायला लागल्यापासून जगायला लागली. डुकरांचं सगळं बघणाऱ्या भागीनं निकाल दिला होता, “हागतात, पन आता मानसासारकी.” पावडर थंड जागी ठेवा, असं पिशवीवर छापलेलं होतं आणि आमच्या हवेत थंड जागा म्हणजे माईंचा फ्रिज.

मारुतीच्या देवळात बैठक भरली. पावडरीत काय आहे, असं विश्रामकाकांनी विचारलं. कृष्णकांत बी.एस्सी. झालेला, त्यामुळे त्याला थोडक्यात खोटं बोलता येत नसे. कोंडा पचवणारं पाचक आणि पोटाला मानवणारे जिवंत जंतू, असं त्यानं सविस्तर सांगितलं. जिवंत या शब्दाला सभेनं एकमेकांकडे पाहिलं. मग त्यानं धीर द्यायला म्हणून सांगितलं, “अहो, दह्यात असतात तसलेच.”

त्या रात्री आळीत कुणी ताक प्यायलं नाही.

पुढचे काही दिवस दही घट्ट लागलं तरी संशय, पातळ लागलं तरी संशय. दिनानाथ मास्तरांची पोटाची जुनी तक्रार अचानक थांबली, तेव्हा तर ते फार घाबरले. डुकरांना गुण येतो ते औषध आपल्याला कसं लागू पडलं, हा विचार त्यांना एकट्याला करवेना, म्हणून त्यांनी तो सगळ्यांना सांगितला.

दुसऱ्या बैठकीत विश्रामकाकांनी उपाय काढला. शिरगावला त्यांचे व्याही धर्माजी, म्हणजे हंसाचे वडील. त्यांच्याकडून शुद्ध विरजण आणायचं. एकाच म्हशीचं दूध घ्यायचं, एका वाडग्यात ते विरजण घालायचं, दुसऱ्यात माईंचं. चवीत फरक निघाला तर माईंच्या दह्यात पावडर उतरली, असं धरायचं आणि शेड बंद.

“आनि फरक नाय निघाला तर?” माईंनी विचारलं.

“तर माजं काय म्हननं नाय. पन निघंल.”

माईंनी हंसाकडे पाहिलं. हंसा जमिनीकडे पाहत होती.

विरजण आणायला तिलाच धाडायचं ठरलं, पण ती शिरगावला जायला फारशी उत्सुक नव्हती. दांडी गावाच्या बाजूला चौकशी करू या का, असं तिनं सुचवून पाहिलं. काकांनी दांडीला मासळीचा वास येतो म्हणून ते उडवून लावलं. धर्माजींच्या घरात डुक्कर हा शब्दसुद्धा कुणी काढत नाही, असं ते अभिमानानं सांगत होते.

विरजण आलं. दही लागलं. मास्तरांनी डोळे मिटून दोन्ही वाडग्यांतलं चाखलं, पाणी प्यायले, परत चाखलं आणि म्हणाले, “दोन्ही एकाच घरचं वाटतंय.”

विश्रामकाकांनी स्वतः चाखलं. बराच वेळ चाखलं. माईंचा वाडगा त्यांनी पुसून संपवला, पण फरक निघाला नाही. शेड राहिली.

संध्याकाळी कृष्णकांतनं आईला विचारलं, इतकी सारखी चव कशी आली. माई तांदूळ निवडत होत्या.

“गौरीला हंसा माहेरी गेली ना, तवा तिथं दही लागत नव्हतं. माज्याकडनंच नेलंन वाटीभर.”

गौरी-गणपतीत फ्रिजमध्ये पिशवी होती की नाही, हे कृष्णकांत आठवायला लागला. होती. त्यानं आईकडे पाहिलं. माईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

विश्रामकाकांचा संशय मात्र फिटला नाही. माईंच्या दह्याबद्दल काही सिद्ध झालं नसलं तरी जपलेलं बरं, म्हणून त्यांनी शिरगावचं विरजण घरात धरून ठेवलं आणि आळीनं यापुढे त्यांच्याकडूनच न्यावं असं सांगून टाकलं. आळी जाते. माईसुद्धा वाटी घेऊन जातात.

“धर्माजींकडचंच ना हे?” दारातच विचारतात. “नाय, इचारलेलं बरं.”

हंसा मान खाली घालून वाटी भरते.