वाफेविना मंजुळा

हरिश्चंद्रकाकांनी उभी नोकरी घाटावरच्या एका साखर कारखान्यात वाफेचं छोटं इंजिन चालवण्यात काढली. शेतावरून उसाचे डबे ओढत कारखान्यात आणायचे, हेच त्या इंजिनाचं काम. शिट्टी गोड, म्हणून कामगार त्याला मंजुळा म्हणायचे. काकांची बायको विमला कोकणात गावी, तारकर्लीलाच राहिली, घर आणि माड सांभाळत. सुट्टीवर आलेला नवरा जेवता जेवतासुद्धा मंजुळेच्याच गोष्टी सांगायचा. "ती माझी सवत," असं विमलाकाकी हसून म्हणायच्या. सवतीला त्यांनी पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

पुढे ऊस ट्रकमधून येऊ लागला आणि मंजुळा शेडमध्ये जाऊन बसली. काका निवृत्त होऊन गावी आले. गेल्या वर्षी त्यांच्या कानावर आलं, की कारखाना तिला भंगारात काढतोय. त्यांचा पुतण्या सर्वेश पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो. काकांनी त्याच्यामागे असा लकडा लावला, की शेवटी तोच कारखान्यात जाऊन तिचा सौदा करून आला. मंजुळा ट्रेलरवर बसून घाट उतरली आणि सर्वेशच्या माडांच्या बागेत टाकलेल्या जुन्या रुळांवर उभी राहिली.

पण खाऱ्या वाऱ्याने तिला लगेच धरलं. आज खरवडलेला गंज चार दिवसांत परत यायचा. शेवटी होड्यांना चोपडतात ते माशाचं तेल काकांनी तिला अंगभर चोळलं. गंज थांबला, वास मात्र सुटला.

"ह्या इंजिनापेक्षा सुको बांगडो बरो," काकी म्हणाल्या.

मग मंजुळा परत चालवायची म्हणून बॉयलर तपासायला सरकारी साहेब आले. सगळं ठोकून पाहून ते म्हणाले, "बॉयलरचा पत्रा पातळ झालाय. शोभेला ठेवा, पण आत आग पेटवू नका."

त्या दिवसापासून काका बागेकडे फिरकेनात. मंजुळेचं नावही काढेनात. घर इतकं गप्प झालं, की काकींनाच ते सोसेना. त्या उठून सर्वेशकडे गेल्या.

"तुझ्या पाण्यात नेवच्या टाक्यांत तू हवा दाबून भरतंस ना रे? मग त्या हवेन इंजिन ढकलूक येयत नाय?"

सर्वेशने मालवणातल्या एका मेकॅनिकला गाठलं. टाक्या इंजिनावरच बांधल्या, त्यांना हवेचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावला आणि बॉयलरला बगल देऊन हवा थेट इंजिनाच्या सिलिंडरांत सोडायची नळी जोडली, तिचा एक फाटा शिट्टीलाही दिला. नळी बघायला म्हणून काका बागेत आले, आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

रविवारी सकाळी सगळी वाडी जमली. काकांनी हवा सोडायचा दांडा ओढला. हवा फुसफुसली, मंजुळा हलली नाही. काकांनी खाली उतरून चाकं निरखली.

"चाक आडलेल्या जागी थांबलाहा, थंय हवेचो जोर लागना नाय. वीतभर फुडे ढकलूक व्हया," ते म्हणाले. "सगळे लागा. विमला, तू वर चढ गो. हो दांडो धर."

"माका खंय जमतला?"

"मी सांगलंय काय, हळूच ओढ. बस."

काकी पदर खोचून वर चढल्या. खाली सगळ्यांनी खांदा लावला, काकांनी पहार घातली. चाक कुरकुरलं.

"ओढ!"

मंजुळा हिसका देऊन निघाली. सिलिंडरांतून फस्‌ फस्‌ आवाज येऊ लागला, चाकांचे दांडे पुढे-मागे फिरू लागले, आणि ढकलणारे मागेच राहिले. काका कडेने चालत होते, मग धावू लागले. काकींनी वरून लोंबणारी साखळी दिसताच ती ओढली. शिट्टी वाजली, जरा बसक्या आवाजात, पण वाजली. काका तिथेच उभे राहिले आणि त्यांनी पंच्याने डोळे पुसले.

रुळांचं टोक यायच्या आधीच हवा संपली आणि मंजुळा आपसूक थांबली. काका धापा टाकत पोचले.

"आता उतर. माका बसांदे," ते म्हणाले.

काकींनी दांडा सोडला नाही. "तुमी इतकी वर्षां बसलास," त्या म्हणाल्या. "आता मागसून ढकला."

काकांनी पंचा कमरेला बांधला, सर्वेशला हाक मारली आणि दोघं ढकलायला लागले.