एकशे पाचावा वाढदिवस

नाम ग्योंग-सोप हे उत्तरेतल्या अकरा गावांचे प्रमुख होते. नेमणूक सोलच्या सरकारची, रीतसर शिक्क्याची. अडचण एवढीच, की ती गावं सीमेपलीकडे होती आणि आपल्याला असा कोणी प्रमुख आहे याचा तिथल्या लोकांना पत्ता नव्हता. त्यामुळे कारभार निष्कलंक होता. देश एक झाला की दुसऱ्या दिवशी जाऊन खुर्चीत बसायचं, अशी योजना. पण दोन्हीकडचे पुढारी हसले, की वॉशिंग्टन किंवा बीजिंगच्या कपाळाला आठी पडे. ती जाईपर्यंत हे दोघे पुन्हा रुसलेले असत. टीव्हीवर असं हस्तांदोलन दिसलं, की नाम बूट पॉलिश करून ठेवीत.

खुर्चीचं त्यांना काही नव्हतं. त्यांना आईकडे जायचं होतं. उत्तर-दक्षिण लढाईच्या त्या हिवाळ्यात ते तेरा वर्षांचे होते. आई म्हणाली होती, "तू काकांबरोबर पुढे हो. मी एवढे किमचीचे रांजण जमिनीत पुरते नि आलेच मागोमाग."

तेव्हापासून दरवर्षी तिच्या वाढदिवसाला घरात समुद्रशेवाळाचं सूप होई. हे सूप जिवंत माणसाच्या वाढदिवसाचं. श्राद्धाच्या ताटात ते चालत नाही.

यंदा सून ह्ये-रान पातेलं घासता घासता म्हणाली, "बाबा, आजी यंदा एकशे पाचच्या."

"तिची आई दणकट होती."

"मृत्यूची तारीख माहीत नसली तर नवव्या महिन्याच्या नवमीला श्राद्ध करतात. सगळे करतात."

"सगळ्यांच्या आया गेल्या असतील."

ह्ये-राननं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "आणि गेल्या असल्या तर? इतकी वर्षं कुणी घासभर भातही ठेवलेला नाही त्यांच्यापुढे. उपाशीच की."

नाम यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी वाटाघाटी सुरू केल्या. नवमीला सीमेजवळच्या उत्तराभिमुख वेदीवर जायचं, कबूल. पण रडायचं नाही आणि सूपही न्यायचं.

"श्राद्धाला सूप?"

"अट आहे."

"बरं बाई," असं स्वतःशीच पुटपुटत ह्ये-राननं थर्मास काढला.

नवमीला वेदीसमोर बरीच म्हातारी माणसं होती. ज्याच्या त्याच्या ताटात भात, नाशपाती, सुकी मासळी. ह्ये-राननं वाफाळता भात वाडग्यात काढला. बाजूला सूप ओतलं. शेजारची एक बाई त्याच्याकडे पाहून काही बोलणार होती, पण नाम यांचा चेहरा बघून नाशपाती सोलत बसली.

आता एकच काम उरलं होतं. चमचा भातात उभा रोवायचा. तो रोवला, की जेवणारं माणूस या जगातलं नाही, हे नक्की झालं.

नाम यांनी चमचा उचलला. उत्तरेकडे डोंगर होते, निळसर, इतके जवळ की हाक मारावी. त्यांनी चमचा भातात रोवला. हात तसाच दांड्यावर राहिला. मग हळूच तो उपसला, रुमालानं पुसला आणि जिवंत माणसाला ठेवतात तसा वाडग्याशेजारी आडवा ठेवला.

"बाबा?"

"गरम आहे अजून," ते म्हणाले. "निवू दे जरा. तिचे रांजण व्हायचे असतील."

ह्ये-राननं घड्याळ पाहिलं, मग चटई झटकली आणि त्यांच्याशेजारी बसली.