सहाशे माणसांना मीठ शून्य

आबांची कॅन्सर झालेली जीभ सोमवारी धुळ्याला काढणार होते, म्हणून शनिवारी मी कॉम्प्युटरवर पाककृती सांभाळायचं सॉफ्टवेअर टाकायला बसलो. प्रत्येकाची दुःख करायची पद्धत वेगळी असते.

आमचे आबा, माझे वडील, बन्सीलाल आचारी, पिंपळनेर भागात गंधमुक्तीच्या, म्हणजे तेराव्याच्या, जेवणासाठी प्रसिद्ध. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. माणूस गेला की लोक आधी रडायचे, मग आबांना फोन करायचे. घाईत क्रम उलटाही व्हायचा. नैवेद्य दाखवेपर्यंत भाजी चाखायची नाही, उष्टी होते. म्हणून आबा मीठ टाकायचे ते वाफेच्या वासावर. हे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं आणि सोमवारनंतर आबांना सांगता येणार नव्हतं.

कॉम्प्युटर जुना, त्यावर लिनक्स. सॉफ्टवेअर म्हणालं, आधी दुसरं एक पॅकेज टाक. ते म्हणालं, आधी तिसरं. रुसलेल्या जावयांसारखं एकेकाला बोलावून बसवलं. मग पासवर्ड मागितला. मी टाईप करत होतो, पडद्यावर काही उमटत नव्हतं. गालाला सूज आलेले आबा वाकून बघत होते.

"काहीच दिसत नही, योग्या."

"पासवर्ड शे, आबा. टाका तरी दिसत नही."

"मंग पडना का नही कसं समजस?"

"पुढलं काम चालस."

"मीठनं बी तसंच शे," आबा म्हणाले.

सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिला प्रश्न, किती माणसांसाठी? त्यात आधीच चार लिहिलेलं होतं.

"चार?" आबांनी विचारलं. "चार जन ते खांदा देवाले लागतस. जेवाले कोन येई?"

मी शंभर केलं. वांगी, तेल, शेंगदाणे, मिरची, सगळं बठ्ठं भरलं.

"मीठ कितलं?"

"कच्चा वास मरस तोवर."

"आबा, आकडा लागस."

"तुना कंप्युटरले नाक शे का?"

नव्हतं. आकड्याशिवाय ते पुढेही जात नव्हतं. मी तात्पुरतं शून्य टाकलं. उद्या नीट विचारू म्हटलं. रविवारी आबांना ताप भरला. सोमवारी जीभ गेली. पुढच्या महिन्यात आबाही गेले.

गंधमुक्तीला आचारी कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कॉम्प्युटर माझ्याकडे होता. मी शंभरचे सहाशे केले. क्षणात बठ्ठं सहापट झालं. मीठ शून्यच राहिलं. गणित बरोबर होतं.

भाजी घोटून झाली. मी पातेल्यावर वाकलो, जोरात श्वास घेतला. वास आला नाही. तेरा दिवस रडून नाक पूर्ण चोंदलं होतं. चाखायचं तर बापाचा नैवेद्य उष्टा करायचा. मी डोळे मिटून दोन मुठी टाकल्या आणि भीतीनं तिसरी परत डब्यात ओतली.

पंगत बसली. झुलालनाना आबांचे जुने मित्र, शेकडो तेरावी जेवलेला माणूस. त्यांनी एक घास घेतला, थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, जरासं मीठ दे."

आबांच्या पंगतीत आजवर कुणी मीठ मागितलं नव्हतं. मग शेजारच्यानं मागितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. मी ताटली घेऊन शेवटच्या माणसापर्यंत वाकत गेलो. ज्याला त्याला वाटलं, मी पाया पडतोय. काहींनी आशीर्वाद दिला.

संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर सॉफ्टवेअर उघडलं. मिठाचं शून्य तसंच ठेवलं. खाली कृतीत एक ओळ वाढवली: पंगत बसल्यावर मीठ ताटलीत घेऊन फिरणे.

सेव्ह झालं. या वेळी त्यानं आकडा मागितला नाही.