घडीची बाबागाडी

विमानात कोणती बाबागाडी नेता येते हे शोधायचे काम मानसिंगने माझ्यावर टाकले, तेव्हा मला बरे वाटले. चैत्रात माझी पत्नी कुमुदिनी गेली. त्यानंतर घरात मला कोणी काम सांगत नव्हते.

मानसिंग माझा मुलगा, सचिवालयात अधिकारी. मध्यभारत मोडून नवे राज्य होणार होते, राजधानी भोपाळला जाणार होती आणि त्याला दिवाळीच्या तोंडावर तिथे हजर व्हायचे होते. रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धे ग्वाल्हेर फायली आणि वळकट्या घेऊन निघाले होते. माझा नातू महिपत वर्षाचा, नुकताच डांग्या खोकल्यातून उठलेला. म्हणून त्यांनी विमानाने जायचे ठरवले. ‘त्यांनी’ हे मी आज लिहितो. तेव्हा मी ‘आम्ही’ म्हणत होतो.

घरात मोठी बाबागाडी होती. एका सरदारांच्या घरचे सामान विकायला निघाले तेव्हा घेतलेली. तिच्यात बसवून मी महिपतला रोज संध्याकाळी फूलबागेत न्यायचो. कुमुदिनी होती तोवर ती शेजारून चालायची आणि म्हणायची, “हळू. ही लॉरी नाही.” पण ती गाडी विमानात शिरणे शक्य नव्हते. विमान कंपनीच्या बाबूने दोन्ही हात पसरून दाखवले, “बस, इतनी. इससे बड़ी नहीं चलेगी.” मी त्याच्या हातांमध्ये सुतळी धरली, तेवढी कापली आणि खिशात घातली.

ती सुतळी घेऊन मी टोपी बाजार पालथा घातला. पहिल्या दुकानात विलायती गाडी होती, चकचकीत. मिटायची, पण चाके बाहेर राहायची. दुसऱ्या दुकानात वेताची होती, हलकी, पण मिटतच नव्हती. मी म्हणालो, “सेठजी, ये तो टोकरी है.” तो म्हणाला, “तो बच्चा भी कौन-सा हाथी है!” शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात हवी तशी सापडली. लोखंडी नळ्या, कॅनव्हासची बैठक, लहान रबरी चाके. एक कडी उचलली की घडीच्या खुर्चीसारखी चपटी व्हायची. सुतळी लावून पाहिली, थोडी उरलीच.

मी आयुष्यभर संस्थानच्या मोटारखान्यात काम केले. संस्थान विलीन झाल्यावर आम्हा बऱ्याच जणांना घरी बसवले, पण हात विसरत नाहीत. बैठकीत तांदळाची पिशवी ठेवून मी गाडी दुकानापुढच्या फरशीवर चालवली, चाके कुठे अडतात ते पाहिले. कडीत मात्र एक खोड होती. गाडी मिटताना तिथे बोट चेमटू शकत होते. मी ते ध्यानात ठेवले आणि गाडी घेतली.

ढकलायचा दांडा फार खाली होता. मी उंच माणूस. कंपू भागातल्या सायकलवाल्या दौलतसिंहकडे गेलो. त्याने विचारले, “चलाएगा कौन?”

“मैं. और कौन?”

“तो सीधे खड़े हो जाइए.”

त्याने माझ्या बेंबीच्या उंचीवर खडूने खूण केली. नळीचा तुकडा जोडून दांडा उंच केला आणि सांध्यावर बोल्ट घातला, म्हणजे गाडी मिटल्यावर दांडा आत वळेल. पुन्हा सुतळी लावली. जेमतेम बसली. मी घरी येऊन माझी वळकटी बांधली. त्यात दोन धोतरे, औषध आणि कुमुदिनीची शाल एवढेच. वजनाची अडचण होऊ नये म्हणून. ती वळकटी माझ्या खाटेखाली होती. मानसिंग रोज त्या खोलीत यायचा.

त्याच आठवड्यात माझ्या विहीणबाई, म्हणजे सूनबाईंच्या आई, विजयाबाई इंदूरहून आल्या. घरात माणूस गेले की त्या वर्षी आपण दिवाळीची कढई चढवत नाही. नातलग फराळ आणतात. त्या चकल्या-लाडवांचे डबे घेऊन आल्या, तेव्हा मी समजलो, रीत पाळायला आल्या. त्यांच्याबरोबर मोठी ट्रंकही होती. ती मीच टांग्यातून उतरवली. मला वाटले, बाईमाणसाला कपडे जास्त लागतात.

मी अंगणात गाडी मांडून दाखवली. विजयाबाई हसल्या, “सूर्याजीराव, नातवासाठी तोफगाडाच बनवलात की!”

“तोफ बसवून तर बघा,” मी म्हणालो आणि महिपतला बसवले.

विजयाबाई बुटक्या. त्यांनी दांडा धरला तर हात छातीपाशी गेले. चार पावले चालल्या आणि थांबल्या. माझी सून शालिनी दारातून म्हणाली, “आबासाहेब, हा दांडा पहिल्यासारखाच करवून घ्या ना. आईचा हात पुरत नाहीये. भोपाळला रोज तिलाच फिरवायचं आहे.”

बोलून गेल्यावर तिने ओठ मिटले. विजयाबाई महिपतचे टोपडे नीट करू लागल्या. ते नीटच होते.

मी विचारले, “विजयाबाई भाऊबीजेला इंदूरला जाणार ना?”

शालिनी आत निघून गेली.

मानसिंग कचेरीतून आल्यावर मी त्याला जोडे काढू दिले, चहा घेऊ दिला. मग विचारले, “विमानाची तिकिटं कोणाकोणाची आहेत?”

“आबासाहेब, मी सांगणारच होतो.”

“कोणाची आहेत?”

“भोपाळला दोनच खोल्या मिळाल्यात. सगळे अफसर तसेच राहतायत.”

“विजयाबाईंना जागा आहे?”

“पोर लहान आहे. शालिनीला बाईमाणूस पाहिजे हाताशी.”

“चैत्रापासून त्याला कोण सांभाळतंय? खोकल्यात रात्ररात्र खांद्यावर घेऊन कोण फिरलं?”

“तुम्हीच. मी नाही कुठं म्हणतो?” तो कपाकडे बघत म्हणाला. “इथे शेजारी मधुसूदनकाका आहेत. डबा लावून देतो. पुढे मोठं घर मिळालं की…”

“मग मला बाजारभर का फिरवलंस? गाडी तूही आणली असतीस.”

त्याने कप खाली ठेवला. “शालिनी म्हणाली, त्यांचा जीव रमलाय, रमू द्या. तुम्ही किती दिवसांनी बोलत होता, आबासाहेब. सुतळी दाखवत होता सगळ्यांना. कसं सांगणार?”

“माझी वळकटी पाहिली होतीस?”

“पाहिली.”

मी उठलो. तेव्हा तो मागून म्हणाला, “आईच म्हणाली होती. राजधानी जाणार ही गोष्ट निघाली तेव्हाच. म्हणाली, यांना नेऊ नकोस, ग्वाल्हेर सुटलं की हे टिकायचे नाहीत.”

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. कुमुदिनी मला असे कधी बोलली नव्हती. आजारपणात ती एवढेच म्हणायची, “पोराला रोज फिरवा.” मानसिंग खरे बोलत असेल, तर जाता जाता तिने माझ्या पाठीमागे माझा निकाल लावला होता. खोटे बोलत असेल, तर त्याने मेलेल्या आईला साक्षीला उभे केले होते. विचारायचे कोणाला? त्या दिवसापर्यंत मला तिची फक्त आठवण यायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा राग आला, आणि तो राग करायला लावला म्हणून मुलाचा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी गाडी दौलतसिंहकडे नेली. बोल्ट काढून जोडलेली नळी उतरवायला सांगितली.

“क्यों, ऊँचा हो गया?”

“चलाने वाला बदल गया.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि पाना उचलला. उतरवलेला तुकडा मला देऊ लागला. मी म्हणालो, तुझ्याकडेच राहू दे, कोणाच्या सायकलीला लागेल.

जायच्या दिवशी मानसिंग म्हणाला, “तुम्ही नका येऊ, दगदग होईल.” मी मोटारीत पुढे जाऊन बसलो. महाराजपूरच्या विमानतळावर महिपतला गाडीत बसवले आणि मीच ढकलत नेले. दांडा इतका खाली की कंबरेत वाकावे लागले. माझे तोंड कधी त्याच्या इतके जवळ नसायचे. त्याने माझी मिशी धरली आणि हसला. विमानापर्यंत सोडली नाही.

शिडीपाशी विजयाबाईंनी दांड्याला हात लावला. त्यांना तो बरोबर आला. शालिनी पाया पडली. मानसिंगही वाकला. मी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडून आशीर्वाद निघाला नाही.

“आबासाहेब, आईच्या वर्षश्राद्धाला येतो,” तो म्हणाला.

“तिचं तू बघ,” मी म्हणालो.

महिपतला शालिनीने उचलून घेतले. गाडी मिटायची होती आणि कशी मिटायची हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. मी विजयाबाईंना जवळ बोलावले.

“इथे बोट चेमटतं. आधी पोराला उचलायचं, त्याचा हात कुठे आहे ते बघायचं, मगच कडी.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

“करून दाखवा.”

त्यांना पहिल्यांदा जमले नाही. विमानाचा माणूस हाका मारत होता. मी गाडी पुन्हा उघडली आणि त्यांच्याकडून पुन्हा करून घेतली.