सरकणारी लेन्स आणि न सरकणारा सोफा

लग्नाच्या सकाळी नवरीनं, धम्मप्रियानं, मला एकच अट घातली. "भीमादादा, सरजा आत्याशिवाय घरचा फोटो काढायचा न्हाई. तिनंच वाढवलं मला."

सरजाबाई आत्या आमच्या घरच्या एकाही लग्नाच्या फोटोत नाही. फोटोच्या वेळी ती कढईपाशी असते. आचाऱ्यावर तिचा काडीचा भरोसा नाही. "मुडदे कच्च्याच पुऱ्या काढतेत," म्हणते.

"बिनघोर राहा," मी म्हणालो. कारण माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर सरकणारी लेन्स होती. स्क्रू फिरवला की लेन्स बाजूला सरकते, कडेचं माणूस आत येतं आणि मागची इमारत वाकडी होत नाही. उंच इमारतींसाठी असते ती. आमच्या उमरीत पाण्याच्या टाकीहून उंच काही नाही, तरी मी घेतली. वर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधात रिड्युसर बसवला. रिड्युसर म्हणजे भिंगाची कडी. मोठ्या लेन्सचं चित्र आवळून छोट्या सेन्सरवर आणते. जागाही जास्त मावते, उजेडही वाढतो.

हे मी व्हिडिओ बघून शिकलो. पुस्तक लिहायलाही कुणी शिकवलं नाही मला, आणि त्याचा मला माज आहे. व्हिडिओ मात्र मी अर्धेच बघतो.

विहारात मंगल परिणय झाला, बाहेर मंडपात सगळे फोटोला जमले. नवरीशेजारी सोफ्यावर नांदेडचे रिटायर इंजिनिअर आनंदराज साहेब, पाय पसरून. माझ्या पुस्तकाचं प्रकाशन त्यांच्याच हस्ते ठरलेलं. पुस्तक कशावर? कडेला ढकललेल्या माणसांवर. हसा.

आत्या पिठाच्या हातानं पळत आली आणि पार उजव्या टोकाला, खांबापाशी उभी राहिली. साहेबांना 'सरका' म्हणायची माझी छाती झाली नाही. लेन्स सरकवली. उजवीकडं अंधारल्यासारखं दिसलं. मंडपाची सावली असेल म्हणून बटण दाबलं.

धम्मप्रियानं स्क्रीन बघितली. "दादा, आत्या कुठाय?"

सगळे लख्ख. साहेबांचे बूटसुद्धा. उजवा कोपरा तव्याच्या बुडासारखा काळा, आणि त्यातून पिठाचा एक पंजा बाहेर आलेला.

राहिलेल्या अर्ध्या व्हिडिओत हेच असणार. रिड्युसर चित्राचा गोल आवळतो. मग लेन्स सरकवली की कडेला चित्रच उरत नाही.

आत्या वाकून हसली. "हात माझाच हाय की रे! मागच्या टायमाला तेवढाबी न्हवता. जाते, पुऱ्या करपून राहिल्या."

धम्मप्रियाचे डोळे भरले. मग माझं टाळकं सरकलं.

"आत्या, थांब! साहेब, उठा. तिथं आत्या बसंल."

"आणि मी?" साहेब म्हणाले.

"खांबापाशी."

साहेब माझ्याकडं बघत उठले. आत्या सोफ्याच्या काठावर टेकली, धम्मप्रियानं तिला दंडाला धरून मागं ओढलं. मी बटण दाबलं.

फोटो फक्कड आला. मधोमध आत्या, तोंडभर हसू, मांडीवर पिठाचे हात. घाईत स्क्रू परत फिरवायचा मात्र मी विसरलो. आईशप्पथ, विसरलो. उजवीकडच्या काळ्यातून एक बूट तेवढा दिसतो.

सध्या प्रकाशनाला दुसरा पाहुणा शोधून राहिलोय.